वाकून घेतलेलं माप

रोवणा लागला, धानाची लावणी सुरू झाली, की माझं डोकं फिरतं. धानाच्या शेतात, बांधीत, शेवटचा पाय घातला त्याला आता जन्म लोटला. तरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी भरलेल्या बांध्या दिसू लागल्या, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या शेताच्या कडेला धुऱ्यावर येऊन पडल्या, की माझ्या कपाळाला आठी पडते आणि रोवणा आटपेपर्यंत ती काही उतरत नाही. लोकांना या दिवसांत फार छान छान वाटतं. हिरवा गालिचा काय, निथळतं आभाळ काय, बायकांची गाणी काय! गाडीची काच खाली करून फोटो काढतात. मी म्हणते, एकदा उतरा ना त्या गालिच्यात. एक दिवस पुरे. संध्याकाळी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, की मग सांगा गाण्याची चाल कशी होती ते.

परवा याच दिवसांत इथल्या एका तंत्रशाळेनं मला बोलावलं. मुलामुलींच्या हस्तकौशल्याच्या स्पर्धा होत्या. कुणी लोखंड घासत होतं, कुणी तारा जोडत होतं, कुणी शिवत होतं. मी शिवणाची निवृत्त मास्तरीण, म्हणून बक्षिसं वाटायला मी. प्राचार्य तरुण आणि उत्साही. गाडी घेऊन स्वतः आले. म्हणाले, "मॅडम, स्पर्धेतून आत्मविश्वास कसा येतो, यावर दोन शब्द बोला." मी खिडकीबाहेर पाहत होते. बांध्यांत बायका ओळीनं वाकलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या अंगात साडीवरून नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट. हल्ली सगळीकडे हेच दिसतं. मी विचारलं, "या शर्ट का घालतात, माहीत आहे?" प्राचार्य म्हणाले, "उन्हासाठी असेल." त्या दिवशी ऊन औषधालाही नव्हतं. व्यासपीठावर मी काहीतरी गुळगुळीत बोलले, टाळ्या घेतल्या आणि धुसफुसत घरी आले. आत्मविश्वास कसा येतो म्हणे! जसा काही तो प्रमाणपत्रासोबत गुंडाळून देतात.

माझ्यात तो कसा आला ते त्या मुलांना सांगण्यासारखं नव्हतंच. इथं लिहिते.

आमचं गाव कामठ्याच्या वाटेवर, गोंदियापासून चालत तास-दीड तास. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. गावात त्याची खूण म्हणजे शाळेपुढचा झेंड्याचा खांब. आमचे पूर्वज माळव्यातून आले, हे काकाजी ओसरीवर टेकलेल्या कुणालाही सांगत. काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. माळव्यापासून इथवर गाड्या हाकत आलेल्या लोकांच्या घरात पोरीनं गोंदियापर्यंत चालत जाणं म्हणजे मात्र फार दूरचा प्रवास होता. वडील मी लहान असतानाच गेले. जमीन एकत्र होती, आणि एकत्र म्हणजे काकाजींची. माय आणि मी त्या घरात होतो, कारण रोवण्याला आणि कापणीला हात लागतात. हे मी कडवटपणानं म्हणत नाही, असं लिहिणार होते. पण कडवटपणानंच म्हणते.

रोवण्याचं पाणी सकाळी थंडगार असतं आणि दुपारी कोमट. चिखल घोट्याला धरतो, सोडताना चपक असा आवाज करतो. डाव्या हातात पऱ्ह्यांची मूठ असते, उजव्या हाताची बोटं दोन-तीन काड्या वेगळ्या काढून चिखलात खोचतात, आणि माणूस एक पाऊल मागं घेतो. गाडीतून फोटो काढणाऱ्यांना हे दिसत नाही. रोवणारी बाई पुढं जात नाही. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागं मागं जाते. मला तेव्हाही याचा राग यायचा. एवढं मरमर राबायचं आणि जायचं कुठं, तर मागं! माय म्हणायची, "मांगं नाई जाशीन त लावलेलं तुडवशीन ना वो." तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर असलं की मला जास्तच राग यायचा.

जळवांचं मला काही वाटत नसे. जळू मीठ लावलं की सुटते. धुऱ्यावरचे पुरुष सुटत नसत. ते तिथं पेंढ्या फेकायला उभे असत, पाणी वळवायला उभे असत, आणि काहीच काम नसलं तर बिडी ओढत नुसते उभे असत. बाई वाकली की तिचं पोलकं पाठीवरून वर सरकतं आणि कमरेच्या वरची पाठ उघडी पडते. पाऊसही नेमका तिथंच मारतो आणि नजरही तिथंच बसते. त्यांना काही म्हणायची सोय नव्हती. "कायले पाहून राहिले?" असं कुणी विचारलंच तर, "रोवणा पाहून राहिलो," हे उत्तर तयार असे. आमच्यातली प्रत्येक बाई रोवता रोवता मधून मधून चिखलाच्या हातानं पोलकं खाली ओढायची. पोलक्यांच्या पाठीवर चिखलाची बोटं उमटलेली असायची. ती धुऊनही पुरती जात नसत.

माय शिवायची ती याच्यासाठी. मशीन नव्हती. सुई, दोरा आणि पाट्यावर घासून धार काढलेली कात्री. गावातल्या बायका कापडाचा तुकडा घेऊन आमच्या मागच्या अंगणात येत आणि माय म्हणे, "वाक वो." ती बाई रोवण्यात वाकते तशी वाके. मग माय तिच्या मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत सुतळी धरून गाठ मारी. उभ्या मापापेक्षा ती गाठ चार बोटं खाली येते. ते पोलकं वाकल्यावर जागचं हलत नसे. उभं राहिल्यावर पाठीवर थोडं पोकळ दिसे, पण उभं राहायला कुणाला फुरसत होती? आमच्याकडे पोलकं म्हणजे वाकायचा कपडा. बाकीच्या जगात तो उभं राहायचा कपडा असतो, हे मला गोंदियात कळलं.

गोंदियात तेव्हा मुलींसाठी शिवणाचा एक वर्ग नवाच निघाला होता. काकाजींनी मला त्यात घातलं, म्हणून त्यांचे आभार मानावेत असं कुणाला वाटत असेल तर थांबा. बालाघाटकडच्या एका स्थळानं "पोरीले मशीन येते का?" असं विचारलं होतं. वर्ग एका धानाच्या गिरणीमागच्या लांबट खोलीत भरायचा. दिवसभर उकडलेल्या धानाचा ओला, आंबूस वास यायचा आणि भिंत गिरणीच्या पट्ट्याबरोबर थरथरायची. शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या बहनजी म्हणत. त्या हिंदीत बोलत, मुलीही हिंदीत बोलत. गोंदिया शहरात निम्मं जग तेव्हाही हिंदीच बोलायचं. मी "मले" म्हटलं की मुली हसत. "काऊन" म्हटलं की हसत. काही बोलले नाही तर पायांकडे पाहून हसत, कारण रोवण्याच्या दिवसांत मी सकाळचा एक वाफा करून मगच वाटेला लागायची, आणि नखांतला चिखल गोंदियाच्या नळानंही निघत नसे.

सगळ्यांत पुढं शांती. गिरणीवाल्यांची मुलगी. तिनं मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "ए धान, इधर आ. ए धान, कैंची दे." मी कैंची द्यायची. टोक तिच्याकडे करून द्यायची, एवढाच माझा सूड. हात मात्र तिचा सुरेख. तिची काजं पाहावीत! एकेक टाका शेजारच्याला चिकटून, सगळे एका उंचीचे. हे लिहिताना आजही दाताखाली खडा आल्यासारखं होतं, पण काजं चांगली होती, तर ती वाईट होती असं कसं लिहू? माझी काजं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची.

मला मशीन आवडायची. पहिल्या दिवसापासून आवडली. पायानं पट्टा फिरवला की कापड सुईखालून पुढं जातं. मी करत होते त्या कामांत पुढं जाणारं हे पहिलंच काम. बहनजी माप घ्यायला शिकवत तेव्हा म्हणत, "सीधी खड़ी रहो, सामने देखो, साँस मत रोको." मी शिकले. पाठीवर टेप सरळ, खांदा, मुंढा, कंबर, सगळं उभं. खाकी कागदावर फरमा काढायला शिकले. महिनोन् महिने उभ्या मुलींची उभी मापं घेतली. कुणी म्हणालं असतं की हे सगळं एका क्षणात हातातून निघून जाईल, तर मी भांडले असते.

पंधरा ऑगस्टच्या सुमाराला स्पर्धा ठरल्या. आसपासच्या शिवणवर्गांतल्या मुली, सुतारवर्गातली मुलं, सगळ्यांच्या. बहनजींनी सांगितलं, शिवणात पहिली येईल तिला वर्ग संपल्यावर इथंच शिकवायला ठेवून घेणार. मी ते घरी सांगितलं ती चूक झाली की काय, देव जाणे. काकाजी ओसरीवर होते, चार माणसं बसलेली होती. त्यांना ऐकवायला जोर चढला.

"घरची पोरगी गोंदियाले जाऊन राहिली अन् मी रोवण्याले मजूर धुंडून राहिलो. लोक हासतात मले."

"स्पर्धा होऊ द्या, काकाजी," मी म्हटलं.

"होऊ दे ना. मी कायले नाई म्हणू? पहिली आलीस त वर्ग पुरा कर, मास्तरीण हो, काय व्हाचं ते हो. नाई आलीस त दुसऱ्या दिवशी बांधीत. मंग गोंदियाचं नाव नाई काढाचं."

बसलेले हसले. एकानं तंबाखू मळता मळता विचारलं, "अन् पहिली आली त?" काकाजी म्हणाले, "येते कोठून!" माय दाराआड सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

म्हणजे गोष्ट सरळ होती. जिंकले तर मशीन, हरले तर चिखल. आत्मविश्वास वगैरे शब्द माझ्या डोक्यात नव्हता. मला बक्षीस नको होतं, कौतुक नको होतं. मला त्या बांधीतून बाहेर पडायचं होतं, बस्स.

स्पर्धेचा नियम असा की प्रत्येकीनं एक बाई सोबत आणायची. तिचं माप तिथंच घ्यायचं, तिथंच कापायचं, शिवायचं आणि तिच्या अंगात घालून दाखवायचं. शांती तिच्या वहिनीला आणणार होती. गोरी, उंच, सरळ पाठीची. मी गावात दारोदार फिरले. ज्यांची पोलकी मायनं वर्षानुवर्षं शिवली त्यांच्या दारांत उभी राहिले. "आता? भर रोवण्यात? येडी झाली का वो?" एक म्हणाली, "गोंदियाच्या लोकाईसमोर उभी राहू? मी काय बैलबाजारातली गाय होय?" तिचंही चुकीचं नव्हतं. शेवटी माय म्हणाली, "मीच चालली तुह्यासंग." एवढं सोपं उत्तर, आणि मी सगळं गाव पालथं घालून आले होते. मला तिला न्यायचं नव्हतं, हेच खरं कारण. माझ्या मायला शांतीनं पाहू नये असं मला वाटत होतं.

काकाजींनी गाडी जुंपली. धान भरडायला न्यायचे आहेत म्हणाले. पोती गिरणीत टाकून ते स्पर्धेच्या हॉलमध्ये येऊन अगदी मागं, दाराजवळ बसले. मी कशी हरते ते त्यांना पाहायचं होतं. तसं तोंडानं म्हणाले नाहीत, पण मिशीवरून कळत होतं.

हॉल शाळेचा होता. सतरंज्या, झेंड्याच्या कागदी माळा, दमट भिंती. एका बाजूला सुतारवर्गाची मुलं रंधा मारत होती, त्याचा भुसा उडून आमच्या कापडांवर बसत होता. माय माझ्यासमोर उभी होती, अंग चोरून, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून. सगळीकडून हिंदी, सगळीकडून तेलाचे वास. घंटा झाली. मी टेप उचलली आणि म्हटलं, "माय, माप देय."

आणि माय वाकली.

झालं ते एवढंच. ती वाकली, मी टेप तिच्या मानेच्या मणक्यावर ठेवली आणि कमरेपर्यंत ओढली. आकडा खडूनं कापडाच्या कडेला लिहिला. तिच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. शेजारच्या मुली आपापल्या मापांत बुडालेल्या होत्या. वर्गात मी कितीतरी उभी मापं घेतली होती. पण ती परक्या बायकांची. समोर माय, आणि मायनं माप द्यायचं म्हणजे वाकायचं, याच्याखेरीज तिच्या अंगाला आणि माझ्या हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. असली चूक आमच्या अंगणात वाढलेल्या पोरीकडूनच होऊ जाणे. शांतीला ती मुद्दाम करायला सांगितली असती तरी जमली नसती.

त्या दिवशी मी शिवलं मात्र असं की पुन्हा तसं शिवल्याचं आठवत नाही. मुंढा पहिल्या फटक्यात बसला. गळ्याची पट्टी एका रेषेत आली. काजंसुद्धा बरी झाली. पायाखाली पट्टा, कापड पुढं, पुढं. मधे एकदा मान वर केली तेव्हा बहनजी माझ्या मशीनमागं उभ्या होत्या आणि त्यांनी मान डोलावली. शांती माझ्याकडे पाहत होती आणि हसत नव्हती. मला वाटलं, जमलं. मागं दाराजवळ काकाजी बिडी विझवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, धुंडा आता मजूर.

परीक्षक नागपूरच्या एक बाई होत्या. चष्मा, रेशमी किनार, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसांबद्दल माझं मत तेव्हापासून चांगलं नाही. पडद्यामागून माय नवं पोलकं घालून आली. आयुष्यात पहिल्यांदा मशीननं शिवलेलं. परीक्षक बाईंनी तिच्या खांद्याला धरून तिला गर्रकन वळवलं, सामान तपासावं तशी.

"सरळ उभ्या राहा पाहू."

माय सरळ उभी राहिली. पाठीवर, कमरेच्या जरा वर, कापडाची एक मोठी घडी पडली. बाईंनी ती दोन बोटांत धरली आणि लोकांना दिसेल अशी वर ओढली. "हे काय? यात तर आणखी एक बाई मावेल." हॉल हसला. सुतारवर्गातली मुलंही रंधे थांबवून हसली. बाईंनी मऊपणानं विचारलं, "असं माप कुणी शिकवलं?" बहनजी ताबडतोब म्हणाल्या, "हमारे यहाँ ऐसा नहीं सिखाते." आणि एक पाऊल बाजूला सरकल्या. घटकेपूर्वी मान डोलावली होती त्याच बहनजी.

मला तेव्हा कळलं काय झालं ते. तळपायापासून कानापर्यंत कळलं. माझ्याआधी मायला कळलं असावं, कारण तिनं जे केलं ते मी विचार करायच्या आतच केलं. ती त्या सतरंजीवर, सगळ्यांच्या मधोमध, वाकली. रोवण्यात वाकते तशी, गुडघे सैल, डोकं खाली, हात जमिनीशी.

"आता पाहा, बाई. आता पाहा ना, बसते का नाई."

बसत होतं. पाठीवर एक सुरकुती नव्हती. पण ते पाहायला तिथं कोण होतं? हॉल आता खो खो हसत होता. परीक्षक बाईंना वाटलं, या बाईला काही झालं. "अहो, असं काय करता? उठा, सरळ उभ्या राहा."

"सरळ कायले?" माय वाकल्या वाकल्याच म्हणाली. "हे का उभं राहाले शिवलं?"

तिला ती गंमत वाटत नव्हती. ती माझी बाजू मांडत होती. तिला येत होती तेवढ्या एकाच भाषेत, पाठीच्या भाषेत. आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी तिचासुद्धा राग आला. उठ ना, असं ओरडावंसं वाटलं. शांतीचा राग, बहनजींचा राग, दाराशी गुडघ्यावर थाप मारून हसणाऱ्या काकाजींचा राग, आणि त्यात तिचाही. मग परीक्षक बाईंनी तिच्या खांद्याखाली हात घालून तिला उचलून उभं करायला घेतलं, तेव्हा सगळा राग एका ठिकाणी आला.

"हात नका लावू तिले!"

हा माझा आवाज आहे हे मला ओळखू यायला वेळ लागला. वर्गात मी एवढ्या मोठ्यानं कधी श्वासही घेतला नव्हता. मी पुढं गेले. "माप माह्यं चुकलं. नंबर नका देऊ, मले नाई पाह्यजे. पण ते माह्यी माय होय. हासाचं अशीन त मले हासा." हे मी हिंदीत बोलले नाही, पुस्तकी मराठीतही नाही. गावच्या बोलीत, ज्या बोलीला तिथं रोज हसत होते त्याच बोलीत बोलले, आणि शब्द शोधावे लागले नाहीत.

यानंतर कुणाला लाज वाटली, डोळे पाणावले, असं काही झालं नाही. तसं गोष्टींत होतं. परीक्षक बाई "फारच उद्धट आहे ही मुलगी" असं म्हणून पुढच्या मुलीकडे वळल्या. हसणं चालूच राहिलं, जरा हळू झालं इतकंच. शांती पहिली आली. तिचं पोलकं तिच्या वहिनीला अगदी नेमकं बसलं होतं. उभ्या वहिनीला. माझं नाव यादीत सगळ्यांच्या खाली होतं आणि नियमानं पाहिलं तर ते तिथंच असायला हवं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या दोन बोटांबद्दल, ज्यांनी माझ्या मायच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरून लोकांना दाखवलं.

आता मुलांना मी काय सांगू? की बाळांनो, भाग घेणं महत्त्वाचं? हरणं ही जिंकण्याची पायरी? मला तर काहीच शिकायचं नव्हतं. पण हॉलबाहेर आले, तोंडावर पाणी मारलं, आणि एक अगदी साधी गोष्ट लक्षात आली. आता घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे होऊ नये असं मला वाटत होतं ते सगळं झालं होतं, सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. मायला शांतीनं पाहिलं होतं. मी शेवटची आले होते. हसायचं होतं तेवढं लोक हसून मोकळे झाले होते. आणि मी तशीच उभी होते, दोन्ही पायांवर. एवढ्या मोठ्या हॉलपुढे बोलून झाल्यावर घरच्या एका माणसापुढे बोलायला असं काय लागतं?

परतताना गाडीत काकाजी खुशीत होते. बैलांशी लाडानं बोलत होते. गाव टप्प्यात आलं तेव्हा मागं न पाहताच म्हणाले, "झालं ना समाधान? उद्यापासून बांधीत."

"मी नाई येत," मी म्हटलं.

"काय म्हणली?"

"बांधीत नाई येत. उद्या वर्गात जाईन."

त्यांनी कासरा ओढला. गाडी थांबली. "बोली काय झाली होती? पहिली आलीस का?"

"नाई आली. शेवटची आली. तरी जाईन. वर्ग पुरा करीन, मंग बालाघाटवाले येवो का कोणी येवो."

"आवाज कायले चढवून राहिली? तिथं नाक कापून घेतलं, तेवढं नाई पुरलं?"

"कापलं ना? मंग आता कशाले भ्यायचं?"

काकाजी पुरते वळून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पूर्ण तोंड करून बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांना हवं होतं ते हत्यार सापडलं. "अन् तुह्या वाटचं कोण रोवन? तुहा बाप येते का वरतून?"

वर्ग, मशीन, सगळं माझ्या तोंडात होतं, पण माझ्या वाटणीची बांधी माझ्या तोंडानं थोडीच रोवली जाणार होती. मजूर मिळत नव्हते, पऱ्हे उपटून पडले होते, ते थांबत नाहीत. काकाजींच्या मिशीवर हसू आलं.

"मी रोवीन," माय म्हणाली.

हॉलमधल्या त्या बोलण्यानंतर तिनं तोंड उघडलं ते आत्ताच. धाकट्या दिरापुढे तिनं कधी शब्द खर्ची घातला नव्हता.

"काय म्हणता, वयनी?"

"तिच्या वाटचं मी रोवीन. माह्यं करून तिचं करीन. हाकला गाडी आता, बैल उभे हायेत."

काकाजी काहीतरी पुटपुटले आणि गाडी हाकली. कामाला हात मिळाले होते. कुणाचे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मी मायचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला. तिला असलं काही आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून धुऱ्याधुऱ्यानं गोंदियाला निघाले. आमच्या बांधीत बायका ओळीनं वाकलेल्या होत्या. बाकीच्या एका रेषेत मागं सरकत होत्या. माय एकटी त्या रेषेच्या पुढं अडकली होती, कारण तिच्या अंगावर दोन पाती, म्हणजे दोघींच्या रोवायच्या पट्ट्या, होत्या. एक थोडी करायची, मग चिखल तुडवत दुसरीकडे यायचं, ती थोडी करायची. धुऱ्यावर पुरुष उभे होतेच. मी थांबले. मला वाटलं, ती एकदा मान वर करील.

तिनं मान वर केली नाही. खालीच पाहत म्हणाली, "जाय ना. कायले उभी राहिली?"

मी गेले. त्या वर्षीचा सगळा रोवणा मायनं दोन बायकांचा केला, आणि मी काजं करायला शिकले.